चूल, धूर आणि कायदा

१

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांच्या आत गॅस किंवा तत्सम स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. त्यानंतर वर्तमानपत्रांतून बरीच चर्चा झाली. पावाची चव राहील काय, जुन्या इराणी बेकऱ्या टिकतील काय, बदलाचा खर्च कोणी सोसायचा, असे प्रश्न विचारले गेले. हे प्रश्न गैर नाहीत. परंतु लाकडाच्या धुराविषयी एवढे बोलले जात असताना, ज्या चुलीपुढे या देशातल्या कोट्यवधी बायका दिवसातून दोन वेळा बसतात, ती चूल त्या चर्चेत कुठेच नव्हती.

घरातल्या चुलीच्या धुराकडे कायद्याने केव्हा पाहिले, कोठून पाहिले आणि कोणासाठी पाहिले, हे तपासण्याचा या लेखाचा हेतू आहे. आपल्या चळवळीने पाण्याचा इतिहास लिहिला, वतनाचा लिहिला, जमिनीचा आणि देवळांचा लिहिला. सरपणाचा इतिहास मात्र लिहावयाचा राहून गेला. घरात पीठ आहे, पाणी आहे आणि चुलीत घालायला काही नाही, असे दिवस आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेले आहेत. तरीही सरपण हा बायकांचा विषय, म्हणून तो विचाराबाहेर राहिला.

माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. कायद्याने फार काळ घरातल्या धुराकडे पाहिलेच नाही. पुढे पाहिले ते घराबाहेर उभे राहून. आत चुलीपाशी बसलेल्या बाईच्या जागेवरून त्याने क्वचितच पाहिले. ज्या ठिकाणी सरकारने आधी पर्यायी चूल आणि इंधन दिले व मग जुन्या चुलीला मनाई केली, त्या ठिकाणी धूर खरोखर कमी झाला. ज्या ठिकाणी नुसती मनाई केली, त्या ठिकाणी गरिबाचा विस्तव तेवढा गुन्हेगार ठरला.

२

धुरावरचे कायदे इंग्लंडातून आपल्याकडे आले, म्हणून आरंभ तिथूनच करावा लागतो. लंडनमध्ये दगडी कोळशाच्या धुराविरुद्ध तेराव्या-चौदाव्या शतकापासून तक्रारी होत्या. १६६१ मध्ये जॉन एव्हलिन याने लंडनच्या धुरावर एक पुस्तिका लिहून ती राजाला अर्पण केली. गिरण्या आणि वाफेची यंत्रे आल्यावर धूर कित्येक पटींनी वाढला. १८५३ मध्ये लंडनपुरता धूरविरोधी कायदा झाला, पण तो भट्ट्यांपुरता. १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात काळा धूर सोडणारे धुराडे हा उपद्रव मानला गेला. मात्र त्याच वाक्यात कंस घालून खासगी राहत्या घराचे धुराडे वगळण्यात आले.

हा कंस लक्षात ठेवण्यासारखा आहे. लंडनच्या धुरात घरांच्या शेकोट्यांचा वाटा मोठा होता, हे जाणत्यांना ठाऊक होते. तरीही इंग्रज माणसाच्या घरातल्या विस्तवाला हात लावण्याची पार्लमेंटची छाती नव्हती. घर खासगी, आणि घरातला विस्तव त्याहून खासगी! पुढची ऐंशी वर्षे हा कंस टिकला.

हाच दृष्टिकोन बोटीत बसून आपल्याकडे आला. बंगालमध्ये १९०५ साली आणि मुंबईत १९१२ साली धूर-उपद्रव कायदे झाले. त्यांचे लक्ष्य गिरण्यांची आणि कारखान्यांची धुराडी हे होते. घरातली चूल त्यांच्या कक्षेबाहेर राहिली. धूर मोजावयाचे साधनही तसेच होते. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच प्राध्यापकाने १८८८ मध्ये काळ्या रेघांच्या जाळीचे एक पत्रक तयार केले होते. निरीक्षकाने दूर उभे राहावयाचे, ते पत्रक धुराड्यासमोर धरावयाचे आणि धूर किती काळा ते ताडून पाहावयाचे. जगभरच्या धूर-निरीक्षकांनी हे पत्रक वापरले. आता ज्या झोपडीला धुराडेच नाही, जिचा धूर पाचटातून आणि कुडाच्या फटींतून झिरपतो आणि बराचसा आतच कोंडतो, ती झोपडी या पत्रकासमोर कशी धरणार? धुराडे असल्याखेरीज धूर नाही, असा या मोजणीचा सरळ अर्थ होत होता.

माझे मामा नायगावच्या बी.डी.डी. चाळीत राहत. संध्याकाळी पाळी सुटण्याच्या सुमारास बायका गॅलरीत शेगड्या पेटवीत. एका मजल्यावर वीस खोल्या, वीस शेगड्या. निखारा लाल होईपर्यंत शेगडी बाहेर, आणि मग ती आत. कोळसा धुमसत असताना गॅलरीतून चालता येत नसे. जवळच्या गिरणीच्या धुराड्यावर १९१२ चा कायदा होता. या वीस शेगड्यांवर कोणताच कायदा नव्हता. असावयास हवा होता असे मी म्हणत नाही. त्या शेगड्या विझवल्या असत्या तर ती माणसे उपाशी झोपली असती. एवढेच नोंदवतो की त्या धुराची गणती कोणी केली नाही.

घर खासगी आहे ही सबब आपल्याला अन्य संदर्भात चांगलीच परिचयाची आहे. अस्पृश्यतेविरुद्धचे कायदे विहिरीपाशी आले, हॉटेलात आले, देवळाच्या दारात आले. संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता कोणत्याही स्वरूपात संपुष्टात आणली. पण सवर्णाच्या घरात चूल हीच सोवळ्याची राजधानी राहिली. विटाळ कोठवर चालेल याची अखेरची रेघ चुलीपाशी ओढलेली असे. चुलीपाशी जात पाळणारा माणूस आणि चुलीचा धूर न पाहणारा कायदा हे दोघेही एकाच उंबऱ्याआड उभे होते.

३

या चुलीत जळणारे लाकूड येत होते कोठून?

गावगाड्यात लाकूड फोडणे हे महाराचे काम. पाटलाच्या वाड्यावरचे सरपण, लग्नकार्याची लाकडे, सरकारी अंमलदार मुक्कामाला आला की त्याच्या स्वयंपाकाचे जळण, मयताची लाकडे, या सगळ्यांसाठी हाक येई ती महारवाड्यात. ही वेठ होती. मोबदला म्हणजे बलुत्याची पेंढी आणि शिळी भाकर. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, ते दिवसाचे चोवीस तास दुसऱ्याच्या दावणीला बांधणाऱ्या या चाकरीविरुद्ध. महार वतने कायद्याने संपली ती १९५८ च्या कायद्यानंतर.

गावाची लाकडे फोडणाऱ्याच्या स्वतःच्या चुलीत मात्र लाकूड क्वचितच असे. बाभळीचे जाड खोड वाड्यावर जाई. आमच्याकडे येत त्या तुरीच्या तुरकाट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या, ज्वारीची धसकटे, बांधावरच्या काट्याकुट्या आणि वाटेवर पडलेल्या शेणाच्या गोवऱ्या. ज्याच्याकडे गुरे त्याच्याकडे शेण, ज्याच्याकडे शेत त्याच्याकडे काडी. भूमिहीनाला या दोन्ही गोष्टी मागून, वेचून किंवा चोरून आणाव्या लागत. आणि चोरून आणल्या तर बाईला बांधावर अडवणारा माणूस नुसता मोळी हिसकावून घेऊन थांबेलच असे नाही, हे आपल्या आयाबहिणींना सांगावे लागत नाही.

रानात जावे तर तिथे सरकार. १८७८ च्या आणि मग १९२७ च्या वन कायद्याने राखीव जंगलातून परवानगीवाचून काही आणणे हा गुन्हा ठरवला. डोक्यावरची मोळी म्हणजे चोरीचा माल झाला. २००६ च्या वनहक्क कायद्याने झुडपी जळण आणि बुंधे गौण वनोपजात धरले खरे. पण जे आदिवासी नाहीत अशा वननिवासींना हक्क सांगावयाचा तर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा, रहिवास सिद्ध करावा लागतो. ज्यांच्या नावाने कधी सातबारा निघाला नाही त्या दलितांनी पंचाहत्तर वर्षांचा कागद आणावयाचा कोठून?

इथे एक साधी गोष्ट समजून घेतली पाहिजे. धूर किती होईल हे मुख्यतः चुलीत काय जळते आणि ते किती वाळलेले आहे यावर ठरते. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. ते चुलीत घातले की विस्तवाची बरीच उष्णता आधी पाणी उडवण्यात खर्च होते. ज्वाला थंडावते, लाकडातून निघालेले वायू पुरते न जळताच बाहेर पडतात. त्यांनाच आपण धूर म्हणतो. वाळलेल्या कठीण लाकडापेक्षा गोवऱ्या आणि काडीकचऱ्याचा धूर अधिक. म्हणून इंग्लंडात मे २०२१ पासून लहान प्रमाणात विकल्या जाणाऱ्या लाकडात वीस टक्क्यांहून अधिक ओल असता कामा नये, असा नियम झाला आहे.

नियम शास्त्राला धरून आहे. परंतु लाकूड वाळवावयाचे म्हणजे वर्षभर आधी ते आणावयाचे, रचावयाचे, त्यावर छप्पर घालावयाचे. ज्याच्या वाड्यात सरपणाची वेगळी खोली आहे त्याची चूल पावसाळ्यातही धडाडून पेटते. ज्या घरात माणसांनाच निजायला कोरडी जागा नाही, तिथे आषाढात ओली काटकी जळते आणि बाई फुंकणीने फुंकत राहते. गावात कोणाच्या घरात किती धूर, हे जमिनीच्या वाटणीने ठरत होते. महारवाड्यातला धूर जास्त होता याचे कारण महारवाड्याला कोरडे लाकूड मिळत नव्हते.

४

घरातल्या धुराने काय होते हे आमच्या बायकांना माहीत होते. डोळे चुरचुरतात, छाती भरते, पोरांचा खोकला हटत नाही, म्हातारपणी डोळ्यांवर पडदा येतो. पण बाईने सांगितलेले ज्ञान ठरत नाही. ते डॉक्टरने लिहावे लागते.

ते लिहिणाऱ्यांत दिल्लीच्या डॉ. एस. पद्मावती यांचे नाव आधी घ्यावे लागेल. फुप्फुसाच्या जुनाट विकारामुळे हृदयाची उजवी बाजू निकामी होण्याच्या रोगावर त्यांनी १९५० च्या दशकात दिल्लीत काम केले. विडी-सिगारेट सहसा न ओढणाऱ्या स्त्रियांतही हा रोग पुष्कळ आढळत होता. त्याचे कारण शोधताना त्या चुलीच्या धुरापर्यंत पोहोचल्या. पुढे १९८० च्या दशकाच्या आरंभी कर्क स्मिथ या अमेरिकन संशोधकाने अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेतील सहकाऱ्यांबरोबर गुजरातेतील चार खेड्यांत मोजमाप केले. स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावरच मोजणीचे यंत्र लावले. श्वासाबरोबर आत जाणाऱ्या हवेत, दर घनमीटरमागे, स्वयंपाकाच्या वेळी सरासरी सुमारे सात मिलिग्रॅम तरंगते कण आढळले. पुढे १९९४ मध्ये आपल्या सरकारने निवासी भागातल्या हवेसाठी चोवीस तासांची जी मर्यादा ठरवली ती ०.२ मिलिग्रॅमची होती. एक मोजणी चुलीजवळची आणि काही तासांची, दुसरी मर्यादा दिवसभराच्या सरासरीची, हा फरक ध्यानात घेऊनही पस्तीसपटीचे हे अंतर लहान नव्हे.

पूर्वीचा धूर-निरीक्षक रस्त्यावर उभा राहून वर पाहत होता. या लोकांनी यंत्र बाईच्या छातीशी नेले. माझ्या मते धुराच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी घटना आहे, आणि कोणत्याही कायद्यात तिची पुरेशी नोंद झालेली नाही.

चूल सुधारण्याचे प्रयत्न याच्याही आधीपासून चालू होते. वर्ध्याच्या मगनवाडीत, जिथे कुमारप्पांचे ग्रामोद्योगाचे काम चाले, तिथे नळीची मगन चूल तयार झाली. हैदराबादेत एस. पी. राजू यांनी १९५० च्या दशकात बिनधुराच्या चुलीचा प्रचार केला. १९८० च्या दशकाच्या आरंभी केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि २००२ मध्ये तो गुंडाळला. तोपर्यंत कागदावर सुमारे साडेतीन कोटी चुली बसल्या होत्या.

त्यातली एक आमच्या घरी आली होती. ज्याने ती बसवली त्याला चुलींचा आकडा पुरा करावयाचा होता. आमच्या छपराची उंची आणि नळीची उंची जमली नाही. धूर नळीतून बाहेर जाण्याऐवजी वाऱ्याबरोबर परत आत येई. चुलीचे तोंड लहान, त्यात तुरकाट्या मोडून मोडून घालाव्या लागत. मोडत बसायला आईला वेळ नसे, कारण सूर्य उगवायच्या आत तिला दुसऱ्याच्या शेतावर हजर व्हायचे असे. दोन महिन्यांनी तिने चूल उकरून टाकली आणि पुन्हा तीन दगड मांडले. नळी पागोळ्यांचे पाणी वळवायला उपयोगी पडली. आईला स्वच्छ हवा नको होती असे या गोष्टीवरून कोणी म्हणू नये. ती चूल तिच्या सरपणासाठी, तिच्या छपरासाठी आणि तिच्या घाईसाठी केलेली नव्हती. ती बसवण्यापूर्वी तिला कोणी एक प्रश्नही विचारला नव्हता.

५

मग घरातला धूर कायद्याने कधीच हटला नाही काय? हटला. दोन उदाहरणे देतो. एक मोठ्या राजधानीचे, दुसरे एका लहानशा कामगारवस्तीचे.

५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत लंडनवर धुके आणि धूर यांचे दाट झाकण बसले. तेव्हाच्या हिशोबाने सुमारे चार हजार माणसे अधिक मेली. पुढच्या अभ्यासकांनी हा आकडा बारा हजारांपर्यंत नेला. सरकारने प्रथम टाळाटाळ केली, मग सर ह्यू बीव्हर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि १९५६ मध्ये स्वच्छ हवा कायदा झाला. १८७५ चा तो कंस अखेर पुसला गेला. नगरपालिकांना आपल्या हद्दीत धूरनियंत्रण क्षेत्र जाहीर करण्याचा अधिकार मिळाला. त्या क्षेत्रात मान्य इंधनच जाळावयाचे, किंवा मान्य शेगडी वापरावयाची.

या कायद्यातली खरी गोष्ट मनाईच्या कलमात नसून पैशाच्या कलमात आहे. शेगडी बदलण्याच्या वाजवी खर्चातला दहापैकी सात भाग सार्वजनिक पैशातून मिळे. चार भाग मध्यवर्ती सरकारचे, तीन नगरपालिकेचे, उरलेले तीन घरमालकाचे. त्यातही कोळशाच्या खाणींच्या भागात काम रेंगाळले, कारण खाणकामगाराला मजुरीचाच एक भाग म्हणून कोळसा मिळे. त्याची शेगडी बदलणे म्हणजे त्याच्या मजुरीला हात लावणे होते. धुराच्या कायद्यात मजुरी कशी गुंतलेली असते हे याहून स्पष्ट कोठे दिसणार? पुढे उत्तर समुद्रातला वायू घरोघरी आला आणि कायद्याचे काम सोपे झाले. मनाई, अनुदान आणि परवडणारे दुसरे इंधन, हे तिन्ही एकत्र आले तेव्हा लंडनचे आकाश निवळले.

दुसरे उदाहरण अमेरिकेतले. अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या लढ्याशी आणि साहित्याशी आपले नाते जुने आहे. तिथल्या कामगारवस्तीतल्या घरांत काय जळते हेही पाहावयास हरकत नाही. १९७० च्या दशकात तेल महागले आणि थंड प्रदेशातील अनेक अमेरिकन कुटुंबे घर उबदार ठेवण्यासाठी पुन्हा लाकडाच्या स्टोव्हकडे वळली. हा स्टोव्ह म्हणजे लोखंडी पेटी आणि वर धुराडे. त्याचा धूर घरात कमी, बाहेर जास्त. डोंगरांमधल्या दऱ्यांत हिवाळ्यात थंड हवा खाली बसते, वरची हवा तिच्यावर झाकणासारखी पडते, आणि साऱ्या गावाचा धूर गावातच कोंडतो. म्हणून १९८० च्या दशकात गावोगावच्या आणि राज्यांच्या नियमांना आरंभ झाला, आणि १९८८ मध्ये मध्यवर्ती सरकारने नव्या स्टोव्हने तासाला किती ग्रॅम धूर सोडावा याची मर्यादा घातली. ती पुढे २०१५ मध्ये आणखी कडक झाली. हवा कोंडलेल्या दिवशी लाकूड जाळण्यास बंदी घालण्याची पद्धत पडली. पण वॉशिंग्टन राज्यासारख्या ठिकाणी, ज्याच्या घरात ऊब मिळण्याचे दुसरे पुरेसे साधनच नाही त्याला या बंदीतून सूट मिळते. नियम करणाऱ्याला थंडीने काकडणारा माणूस आठवला, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट.

मोंटाना राज्यातले लिबी हे असेच एक गाव. खाणीचे आणि लाकूडकापीचे, कष्टकऱ्यांचे. तिथल्या व्हर्मिक्युलाइटच्या खाणीतल्या अॅस्बेस्टॉसने शेकडो माणसे आजारी पाडून मारली. खाण १९९० मध्ये बंद झाली. अशा गावावर हिवाळ्यातल्या धुराचाही भार होता, आणि त्यातला बहुतांश घरगुती स्टोव्हचा. २००५ पासून दोन-तीन वर्षांत तिथे अकराशेच्या आसपास जुने स्टोव्ह काढून नवे बसवण्यात आले. सरकार आणि स्टोव्ह तयार करणारा उद्योग यांनी खर्चाचा भार उचलला, आणि आरंभ अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांपासून झाला. हिवाळ्यातले हवेतले सूक्ष्म कण जवळजवळ पाव हिश्शाने कमी झाले, आणि शाळकरी मुलांची छातीतली घरघर कमी झाल्याचे अभ्यासकांनी नोंदवले. आधी हातात नवा स्टोव्ह, मग जुन्याला मज्जाव. लंडनचा कायदाही याच क्रमाने चालला होता.

६

आता आपल्याकडे वळू.

१९८१ मध्ये आपल्या संसदेने हवा प्रदूषण कायदा केला. त्याच्या एकोणिसाव्या कलमाने राज्य सरकारला हवा प्रदूषण नियंत्रण क्षेत्र जाहीर करण्याचा, त्यात मान्य इंधनाखेरीज दुसऱ्या इंधनाला मनाई करण्याचा आणि मान्य उपकरणच वापरावे असे फर्मावण्याचा अधिकार दिला. इंग्लंडच्या १९५६ च्या कायद्याची छाया यात उघड दिसते. फक्त दहापैकी सात भागांचे कलम तेवढे वाटेत कोठेतरी गळून पडले.

नुसत्या मनाईचे काय होते याचा नमुना आग्र्यात पाहावयास मिळाला. ताजमहालाचा संगमरवर पिवळट पडतो याचे कारण धूळ आणि कचरा-लाकूड-शेण यांच्या धुरातले कण, असे कानपूरची आय.आय.टी., अमेरिकन विद्यापीठे आणि पुरातत्त्व खाते यांच्या अभ्यासकांनी २०१४ च्या अखेरीस प्रसिद्ध केले. त्यानंतर लवकरच, जानेवारी २०१५ मध्ये, शहरात गोवऱ्या जाळण्यास बंदी जाहीर झाली. दगड पिवळा पडू नये ही इच्छा मला समजते. परंतु पद्मावतींनी दिल्लीत बायकांच्या छातीविषयी लिहून तेव्हा अर्धे शतक उलटून गेले होते. त्या अर्ध्या शतकात बाईच्या फुप्फुसासाठी इतक्या तातडीने हुकूम निघाल्याचे मला आढळत नाही.

दिल्लीत मात्र एक वेगळा दाखला आहे आणि तो मी आवर्जून नोंदवतो. हिवाळ्यात हवा बिघडली की लागू होणाऱ्या श्रेणीबद्ध आराखड्यात, वसाहतींच्या रहिवासी संघांनी आपल्या रखवालदारांना, सफाई कामगारांना आणि माळ्यांना विजेचे हीटर दिले पाहिजेत, असे कलम घालण्यात आले. हेतू हा की त्यांनी कचरा आणि काटक्या पेटवून शेकू नये. किती हीटर दिले गेले हा भाग निराळा. पण रात्रभर दुसऱ्याच्या दारात बसणाऱ्याला थंडी वाजते, आणि तिची तजवीज ज्याचे दार आहे त्याने करावी, हे एका सरकारी कागदाने मान्य केले. या कामांवर कोणत्या जातींची माणसे असतात हे कागदाने लिहिले नाही. ते आपण वाचू शकतो.

आणि घरची चूल? मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली. गरीब घरातल्या बाईच्या नावाने गॅसची जोडणी. आठ कोटींची जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी आपल्याच औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, पंतप्रधानांच्या हस्ते देण्यात आली. या योजनेचे मोल मी कमी लेखणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार स्वयंपाकाला स्वच्छ इंधन वापरणारी घरे २०१५-१६ मध्ये शंभरात सुमारे चव्वेचाळीस होती, ती २०१९-२१ मध्ये एकोणसाठाच्या जवळ गेली. पण खेड्यांत हे प्रमाण त्रेचाळीसच होते. आणि महालेखापरीक्षकांनी २०१९ मध्ये दाखवून दिले की उज्ज्वलाचे लाभार्थी वर्षाला सरासरी तीन-सव्वातीन टाक्याच भरून घेतात. दोन वेळचा सगळा स्वयंपाक गॅसवर करावयाचा तर याच्या दुप्पट तरी टाक्या लागतात. बाकीचे दिवस कशावर जातात? चुलीवर. २०२२ मध्ये टाकीमागे दोनशे आणि २०२३ मध्ये तीनशे रुपयांची सवलत सरकारला द्यावी लागली, ती याचसाठी.

काही जण म्हणतात, चुलीवरच्या भाकरीची चव यांना सोडवत नाही. ही चव हॉटेलच्या पाटीवर ‘चुलीवरचे मटण’ लिहून विकणाऱ्यांना लखलाभ असो. मजुरीवर जाणाऱ्या बाईच्या हिशोबात टाकीची रक्कम एकदम द्यावी लागते आणि मजुरी रोजची किंवा आठवड्याची असते. काटक्यांना पैसे पडत नाहीत, कारण त्या गोळा करण्यात गेलेल्या तिच्या तासांची किंमत कोणी धरलेलीच नाही. फुकट सरपण असे काही नसते. ते बाईच्या अंगातून वसूल होते.

७

तेव्हा आपण काय म्हणावयाचे? धुराविरुद्ध कायदा नको, असे म्हणणे आत्मघाताचे आहे. धूर आपल्याच घरात आहे, आपल्याच पोरांच्या छातीत आहे. ‘गरिबाची चूल पवित्र’ असली भाषा सोवळ्याच्याच वंशातली आहे; ती आपल्या तोंडी शोभत नाही. चूल गेली पाहिजे.

परंतु ती कोणत्या क्रमाने जावी याविषयी आपला आग्रह असला पाहिजे. पहिली गोष्ट, मोजणी चुलीपाशी झाली पाहिजे. चौकातल्या खांबावरचे यंत्र शहराची हवा सांगते, पत्र्याच्या खोलीतली सांगत नाही. दुसरी, इंधनाची किंमत मजुरीशी जोडली गेली पाहिजे, आणि टाकी परवडेल अशा हप्त्याने किंवा लहान मापाने मिळाली पाहिजे. तिसरी, कोणत्याही नगरपालिकेने वा जिल्हाधिकाऱ्याने लाकूड-गोवरीवर मनाई घालण्यापूर्वी त्या हद्दीतल्या प्रत्येक घरात दुसरे साधन पोहोचले आणि ते चालू राहिले, हे दाखवण्याचे ओझे त्याच्यावर असले पाहिजे. ज्याच्यापाशी दुसरा विस्तव नाही त्याला दंड नाही, हे वॉशिंग्टनचे तत्त्व इथेही यावे. चौथी, जोवर चूल आहे तोवर गायरानावरचे आणि रानातले सरपण हा हक्क मानला जावा आणि बांधावर बाईची मोळी अडवणारा हात कायद्याने धरला जावा.

यातले काही नवे नाही. लंडनच्या मध्यमवर्गीयाची शेगडी बदलण्यासाठी १९५६ मध्ये सरकारने दहापैकी सात भाग दिले, तेव्हा ते दान आहे असे कोणी म्हटले नाही. ज्यांच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या गावाची लाकडे फुकट फोडली, त्यांच्या घरातला धूर काढण्यासाठी दहापैकी दहा भाग मागितले, तर तो थकलेल्या मजुरीचा हिशोब होईल. तो हिशोब मांडावयाचा तर आपल्या वस्त्यांतल्या म्हाताऱ्या बायकांकडून सरपणाच्या हकीकती आता लिहून घेतल्या पाहिजेत. त्या कोणत्याही दप्तरात नाहीत.